खिडकीकडे जाणारं पाणी

एक थेंब नातीच्या कपाळावर पडला आणि ती दचकून रडायला लागली, तेव्हा तिचा आजोबा पाळण्याच्या इतका जवळ बसला होता की नुसता हात लांबवला असता तरी ती त्याच्या छातीशी आली असती. हात त्यानं लांबवलाही. पण स्वयंपाकघरातून सून ओल्या हातांनीच धावत आली आणि म्हणाली, "बाबा, थांबा, थांबा, मी घेते." आवाज गोड होता. गेले कित्येक महिने या घरात त्याच्याशी सगळे गोडच बोलत होते आणि त्या गोडपणानं त्याच्या तोंडाची चव गेली होती. त्यानं हात मागे घेतला, मांडीवर ठेवला आणि वर बघितलं. एसीच्या खिडकीकडच्या कोपऱ्याखाली दुसरा थेंब जमत होता. तो फुगला, लोंबला आणि पाळण्यातल्या रिकाम्या गादीवर पडला. त्याच्यामागून तिसरा. "परत सुरू झालं बघा," सून म्हणाली, "महिन्याभरापूर्वीच तर दुरुस्त करून घेतला होता."

ती पोरीला खांद्यावर टाकून थोपटत आतबाहेर करत राहिली आणि तो थेंबांकडे बघत राहिला. बाहेर उन्हाचा भडका उडाला होता. एसी बंद करावा तर पोर उकाड्यानं हैराण, चालू ठेवावा तर तिच्याच अंगावर पाणी. खिडकीखालच्या प्लॉटवर नव्या इमारतीसाठी खोल खड्डा खणला होता आणि त्यातलं पाणी उपसणारा पंप सुट्टीच्या दिवशीसुद्धा धडधडत होता. सवयीनं तो आवाज आता घरात कुणाला ऐकू येत नसे. त्याला येई. पण त्याला काय ऐकू येतं आणि काय जाणवतं याला हल्ली फारशी किंमत उरली नव्हती. 'कान' हा शब्द या घरात दबक्या आवाजात उच्चारला जाई, एखाद्या दारुड्या नातेवाइकाचं नाव घ्यावं तसा.

आणि हे कुणाच्या वाट्याला यावं, तर त्याच्या. सगळी नोकरी त्यानं दुकानदारांचे वजनकाटे तपासण्यात घालवली होती. निवृत्त होऊन इतकी वर्षं झाली तरी इमारतीतली पोरं त्याला तराजूकाका म्हणत आणि त्याला ते मनापासून आवडे. दुकानात शिरल्यावर दुकानदार लगबगीनं काटा पुढे करायचा आणि हा काट्याकडे ढुंकूनही बघायचा नाही. आधी ओटा. ज्या ओट्यावर काटा ठेवलाय तो ओटाच तिरका असेल तर काटा बिचारा काय खरं बोलणार? मग खिशातून पाणसळ निघायची. पितळी पट्टी, तिच्यात काचेची नळी, नळीत द्रव आणि द्रवात एक बुडबुडा. बुडबुडा मधोमध थांबला तर ओटा सपाट. पण पाणसळीवर तरी डोळे मिटून विश्वास का ठेवायचा? म्हणून ती तिथल्या तिथे उलट फिरवून पुन्हा ठेवायची. बुडबुडा आता दुसऱ्या बाजूला पळाला तर खोट पाणसळीत, आणि पहिल्याच बाजूला चिकटून राहिला तर खोट ओट्यात. एवढं करीपर्यंत दुकानदाराला घाम फुटलेला असे. त्याच्या आयुष्यात मजेचे म्हणावेत असे जे क्षण होते त्यातले पुष्कळसे हे असे, परक्या दुकानात, घामेजलेल्या माणसासमोर गेलेले होते.

तोच माणूस एका सकाळी याच खोलीत, याच खिडकीपाशी नातीला कडेवर घेऊन कबुतरं दाखवत असताना डावीकडे कलंडला. म्हणजे जमीन कलंडली असं त्याला वाटलं. पायाखालून कुणी हलकेच सतरंजी ओढावी तसं झालं आणि त्याचा डावा खांदा खिडकीच्या चौकटीवर आपटला. पोरगी खदखदून हसली, तिला तो खेळच वाटला. दारात सून उभी होती. ती किंचाळली असती तर बरं झालं असतं. तिनं नुसतं येऊन पोरीला त्याच्या हातातून काढून घेतलं, एकेक बोट सोडवत. त्यानंतर डॉक्टर झाले, गोळ्या झाल्या, मान हलवण्याचे व्यायाम झाले. डॉक्टरांनी त्याला डोळे मिटून चालायला लावलं तेव्हा तो सरळ चालला होता. तरीही ते म्हणाले, कानाच्या आत तोल सांभाळणारी एक नाजूक यंत्रणा असते, या वयात ती कधीकधी दगा देते, तुमचं डावीकडे ओढल्यासारखं होतं म्हणजे डावा कान. आणि निघताना म्हणाले, फार लक्ष देऊ नका, जितकं लक्ष द्याल तितकं वाढेल. घरच्यांनी हे शेवटचं वाक्य उचलून धरलं. तो सुरुवातीला पाणसळ घेऊन फरशीवर, टेबलावर, खिडकीच्या कट्ट्यावर ठेवत हिंडला होता. बुडबुडा जरासा, अगदी जरासा सरकलेला दिसे. मुलगा म्हणाला, "बाबा, इतकं जुनं बांधकाम आहे, एवढं असायचंच. आणि पाणसळही तुमच्याच वयाची." बायकोनं ती उचलून आपल्या कपाटात ठेवून दिली. तिनं ती ठेवताना त्यानं अडवलं नाही, कारण तो घाबरला होता. बागेत, बाजारात, दवाखान्यात त्याला बरं वाटे आणि घरी आलं की पाय लटपटत. याचा अर्थ त्याच्या डोक्यानं घराशीच वैर धरलं होतं. आपलं शरीर आपल्याशी खोटं बोलतंय, हे कळल्यावर माणूस कुणाकडे तक्रार करणार? रात्री अंथरुणावर पडलं की तो डाव्या हातानं पलंगाची कड धरून ठेवी, आणि बायको ते बघून न बघितल्यासारखं करी.

उद्या सून पुन्हा कामावर रुजू होणार होती. पोरीला दुपारभर कुणी सांभाळायचं, हे आज ठरायचं होतं. म्हणजे ठरलेलंच होतं. कोपऱ्यावरचं पाळणाघर मुलगा आणि सून जाऊन बघून आले होते, आता फक्त त्याला सांगायचं राहिलं होतं आणि सकाळपासून दोघंही एकमेकांच्या तोंडाकडे बघत होती. बायकोच्या गुडघ्यांनी केव्हाच राजीनामा दिला होता. पोरीला उचलून फिरवणारा घरात तोच एक होता. त्याचं म्हणणं फार नव्हतं. पोरीला कडेवर घेऊन उभं राहावं, तिचं ते सुस्तावलेलं ओझं खांद्यावर यावं आणि ते आपल्याला पेलावं, एवढंच. एवढंच त्याला कुणी देत नव्हतं. बसून घ्या बाबा, म्हणत. मांडीवर उशी ठेवून तिच्यावर पोरगी ठेवत आणि दोन्ही बाजूंना कुणीतरी उभं राही.

मुलगा आतून स्टूल घेऊन आला. हा उठायला लागला तसा तो म्हणाला, "तुम्ही बसा बाबा. मी बघतो ना." मग हा खुर्चीतूनच हुकूम सोडू लागला आणि मुलगा वर चढून ते पाळू लागला. झाकण उघडलं. जाळ्या काढल्या, त्या स्वच्छ होत्या. पाणी बाहेर नेणारी नळी एसीच्या दाराकडच्या टोकातून निघून भिंतीतून पलीकडे, धुण्याच्या बाल्कनीत उतरली होती आणि तिच्या तोंडाखाली बादली ठेवलेली असे. ते पाणी फरशी पुसायला घेत. बायको जाऊन बघून आली. "बादली कोरडी ठणठणीत आहे," ती म्हणाली. मुलगा बाल्कनीत गेला, नळी तोंडात धरून त्यानं जोरानं फुंकलं. इकडे एसीच्या पोटात गुडगुडलं. नळी मोकळी होती. पहिल्या खेपेला ती तुंबली होती, तेव्हा एसीवाल्यानं पंप लावून काळा चिकट गाळ बाहेर काढला होता. आता गाळाचं नाव नव्हतं.

"बाटलीभर पाणी ओत," तो म्हणाला, "खालच्या पन्हाळीत. सावकाश. आणि कुठं जातं ते सांग."

मुलानं ओतलं. खालून त्याला फक्त मुलाची मान आणि उचललेला कोपर दिसत होता. मुलगा बाटली तशीच धरून वाकून बघत राहिला.

"कुठं जातंय?"

"खिडकीकडे."

"नळी तर दाराकडे आहे."

"हो ना. पण पाणी खिडकीकडे चाललंय." आणि ते आलंच, त्या कोपऱ्यातून धार लागली, गादीवर पसरलं. सुनेनं पाळणा ओढला. तो पटकन हलेना, चाकांना काहीतरी बांधलेलं असावं. तिनं एकदा सासऱ्याकडे बघितलं आणि वाकून कसलीशी दोरी सोडली.

मुलानं वैतागून एसीवाल्याला फोन लावला, स्पीकर चालू करून. "तुम्ही मागच्या खेपेला एसीमागची पट्टी वाकडी बसवलीत," तो म्हणाला.

"वाकडी?" एसीवाला म्हणाला. मागे कुठं तरी ड्रिल चालू होतं. "साहेब, मशीन खिडकीकडे उतरलं होतं, मी ती बाजू उचलून, लेव्हल लावून बसवलंय. बुडबुडा मधोमध. काकांना विचारा, ते माझ्या डोक्यावर उभे होते, पास झालो का म्हणून मीच विचारलं त्यांना. आता भिंतच चालायला लागली असेल तर तिला मी काय करू?" आणि तो हसला. मुलगाही हसला, लोक फोनवर हसतात तसं.

तो हसला नाही. त्याला ती दुपार लख्ख आठवत होती. एसीवाल्याची प्लास्टिकची पिवळी पाणसळ, मधोमध थबकलेला बुडबुडा, आणि 'पास' म्हणताना स्वतःलाच आलेली लाज, कारण ते म्हणत असतानाही त्याचे पाय त्याला डावीकडे ओढत होते. तेव्हा त्यानं मनाशी ठरवून टाकलं होतं की मशीन सरळ आहे, मीच वाकडा आहे. आता पाणी खिडकीकडे चाललं होतं. पाण्याला कान नसतो, हे त्याच्या मनात आलं आणि ते त्यानं लगेच दाबून टाकलं, फार मोठी आशा माणूस दाबतो तसं.

"माझी पाणसळ दे," तो बायकोला म्हणाला.

"अहो, कशाला आता पुन्हा ते."

"दे गं."

ती किल्ली घेऊन कपाटाशी गेली. किल्ली फिरली आणि दार धाडकन उघडून थेट भिंतीवर आपटलं, कुणी आतून ढकलल्यासारखं. ती गोरीमोरी झाली आणि पायानं खालचं काहीतरी झाकायला लागली. कपाटाच्या पायाखाली पुठ्ठ्याची घडी होती. घडीखाली दुसरी, तिच्याखाली तिसरी. त्यानं ते बघितलं. तिनं, त्यानं बघितल्याचं बघितलं. "काही नाही, दार राहत नव्हतं," ती पुटपुटली आणि पाणसळ त्याच्या हातात दिली. पितळ गार होतं.

खिडकीच्या भिंतीला काटकोनात असलेल्या टेबलावर त्यानं ती ठेवली. बुडबुडा दाराच्या बाजूला गेला आणि टोकाला जाऊन चिकटला. म्हणजे खिडकीची बाजू खाली. त्यानं पाणसळ उलट फिरवली. बुडबुडा नळीतून पळत आला आणि पुन्हा दाराच्याच बाजूला चिकटला. मुलगा स्टुलावरून उतरून शेजारी येऊन उभा राहिला. "बाबा, हे मागेही असंच होतं ना?"

"मागे जरासा सरकला होता. आज टोकाला आहे."

"दिसतंय तसं," मुलगा म्हणाला, पण त्याच्या आवाजात तो गोडपणा होता. तुम्हाला दिसतंय तसं, असा त्याचा अर्थ होता. आणि याचं काय करावं हे बापाला कळेना. पाणसळ फिरवून बघता येते. तपासणाऱ्याला कोण फिरवणार? खुर्ची, टेबल, पलंग, जिथं जिथं तो बसत होता, निजत होता, जेवत होता, तिथं खिडकीची भिंत त्याच्या डाव्या हाताला होती. डावीकडे ओढतं, तो डॉक्टरांना म्हणाला होता. डावा कान, डॉक्टर म्हणाले होते.

तो खोलीच्या मधोमध जाऊन उभा राहिला. "अहो, पडाल," बायको म्हणाली. त्यानं हात वर करून तिला थांबवलं. पायाला पाय जुळवले, डोळे मिटले. ओढ आली, तीच ओळखीची, महिनोन्महिने उशाशी बसलेली, डावीकडे. त्यानं डोळे उघडले आणि स्वतःला उलट फिरवलं. आता खिडकी उजव्या हाताला होती. त्यानं पुन्हा डोळे मिटले. कान खोटा असेल तर तो जिथं फिरेल तिथं खोट त्याच्याबरोबर येईल, डावीकडेच राहील. पंप धडधडत होता. पायांना आधी काहीच कळेना. मग हळूहळू, बोटांच्या टोकांपासून, ओढ आली. उजवीकडे.

त्याला आनंद झाला. लपवायचं कारण नाही, त्या क्षणी त्याला इतका आनंद झाला की डोळ्यांत पाणी आलं. इतक्या महिन्यांत कुणी त्याला दिलं नव्हतं ते त्याच्या पायांनी त्याला परत दिलं होतं. मी शाबूत आहे. माझं शरीर खरं बोलत होतं, रोज, न चुकता, आणि मीच त्याला गप्प बस म्हणत होतो. "माझा कान नाही," तो म्हणाला. "ओटा तिरका आहे." आणि हे म्हणून त्यानं डोळे उघडले तर समोर सून उभी होती, तिच्या खांद्यावर पोरगी होती आणि पोरीच्या ओठांवर झोपेतली लाळ होती. मग त्याला कळलं की तो कशाचा आनंद करत होता. ओटा म्हणजे हे घर होतं, आणि ते खिडकीखालच्या खड्ड्याकडे झुकत होतं.

पहिल्यांदा सून बोलली. "बाबा, पाळण्याची चाकं मी बांधून ठेवली होती. रोज सकाळी तो खिडकीला टेकलेला असायचा. मला वाटलं..." तिनं पोरीला दुसऱ्या खांद्यावर घेतलं. "मला वाटलं, रात्री तुम्हीच उठून ढकलता. तुम्हाला विचारायची भीती वाटली."

"न्हाणीघराचं दार घासायला लागलं होतं," मुलगा म्हणाला. तो फरशीकडे बघत होता. "तुम्ही बागेत गेला होतात तेव्हा मी ते खालून रंधा मारून घेतलं. दोनदा. आईलाही नाही सांगितलं."

"आणि मी पुठ्ठे घालतेय," बायको म्हणाली. "तुमच्यासमोर कललं, झुकलं हे शब्दच काढायचे नाहीत असं ठरलं होतं ना आपलं. तुमचं वाढेल म्हणून." तिनं पदराचं टोक तोंडाशी धरलं. "मला वाटलं, माझंच एक कपाट."

तिघांनी त्याच्या काळजीपोटी एकेक पुरावा उचलून लपवला होता, आणि तो एकमेकांपासूनही लपला होता. अख्ख्या घरात खरं सांगणारा एकच साक्षीदार उरला होता आणि त्याला गोळ्या चालू होत्या. दुसऱ्या एखाद्या दिवशी तो यावर पोट धरून हसला असता.

"उद्या सकाळी कुणीतरी जाणकार आणून दाखवू," मुलगा म्हणाला. तो मोठ्या माणसासारखं बोलायचा प्रयत्न करत होता. "उगाच लोकांना घाबरवायला नको. जुनी इमारत आहे, थोडंफार..."

"महिन्याभरापूर्वी मशीन मधोमध होतं," तो म्हणाला. "मी पास केलं होतं. आज पाणी उलटं चाललंय. एवढं एका महिन्यात. उद्यापर्यंत किती, ते तुला माहीत आहे?" मुलानं मान हलवली. "मलाही नाही. आत्ता खाली. सगळ्यांनी. जाताना प्रत्येक दाराची बेल."

त्याचा हा आवाज मुलानं लहानपणी ऐकलेला होता. तो चपला शोधायला वळला. सुनेनं दाराकडे पाऊल टाकलं आणि ती तिथंच भिंतीला धरून थांबली. जे तिला इतके दिवस कधी जाणवलं नव्हतं ते आता कळल्याबरोबर तिच्या पायांत शिरलं होतं. फरशी तिच्याकडे वर येत होती, लांब जात होती. ती पांढरीफटक पडली. तिनं सासऱ्याकडे बघितलं, आणि मग खांद्यावरची पोरगी उचलून दोन्ही हातांनी त्याच्यापुढे धरली.

"बाबा, तुम्ही घ्या हिला. मला पायच टाकता येईना."

त्यानं घेतली. ती झोपेत जड झाली होती. तिचं डोकं त्याच्या मानेच्या खळग्यात बसलं, घामट, उबदार. त्याला वाटलं होतं की हा क्षण आला की आपण रडू. रडायला सवडच नव्हती. तो चालू लागला. या उतारावर कुठं टाच रोवायची, कुठं कमरेतून किंचित मागे झुकायचं, हे त्याच्या पायांना पाठ होतं. इतके महिने बाकीचे फरशी सपाट समजून चालत होते आणि तो एकटा हिच्यावर चालायला शिकत होता. जिन्यात त्यानं कठडा धरला नाही. मागून बायको गुडघे आवळत, एकेक पायरी उतरत होती आणि प्रत्येक मजल्यावर मुलगा बेल दाबून ओरडत होता, बाहेर या, पोराबाळांना घेऊन बाहेर या. दारं उघडत होती. काय झालं? कुणी सांगितलं? तराजूकाका म्हणतात? आणि लोक हसायच्या बेतात असत, तेवढ्यात त्याच्या कडेवरची पोरगी आणि त्याच्यामागे सुनेचा चेहरा बघून गप्प होत. दुसऱ्या मजल्यावरची बाई दाराला हिसके देत होती. दोन आठवडे झाले, लागतच नाही नीट, ती म्हणाली. खाली रखवालदार फाटकाशी होता. "लवकर उघड," तो म्हणाला. रखवालदारानं ढकललं, फाटक अडलं, त्यानं खांदा लावला. "अडतंय हल्ली," तो म्हणाला, "मी कानस मारून मारून लावतोय."

रस्ता ओलांडून तो पलीकडच्या फुटपाथवर जाऊन थांबला. उन्हात डांबर मऊ झालं होतं, पण ते सपाट होतं, आणि त्याच्या दोन्ही पायांवर त्याचं वजन सारखं आलं. एकेक करून लोक येत होते, कुणी अनवाणी, कुणी हातात चहाचा कप तसाच घेऊन. मग सगळ्यांनी मागे वळून बघितलं. इमारतीच्या खड्ड्याकडच्या कोपऱ्याशेजारी विजेचा खांब होता. रोज याच खांबाखालून सगळे जात-येत असत आणि वर कुणी बघितलं नव्हतं. खाली खांब आणि भिंत यांच्यामधून माणूस सहज जाईल एवढी जागा होती. वर, गच्चीजवळ, हातसुद्धा गेला नसता. वर त्यांच्या खोलीच्या खिडकीत पडदा सरळ खाली लोंबत होता आणि त्याचं खालचं टोक काचेला टेकलं होतं.

मुलानं त्याचा कोपर धरला. गेले कित्येक महिने रस्त्यात, जिन्यात तो असाच धरत आला होता. आज त्याचा सगळा भार त्या कोपरावर आला. बापानं तो सोडवून घेतला नाही.

गलबल्यानं पोरगी जागी झाली. तिनं इकडे-तिकडे बघितलं, आजोबा ओळखले आणि हात वर करून त्याचा डावा कान मुठीत गच्च धरला. सून घाईघाईनं पुढे झाली. "सोड गं, आजोबांचा दुखरा कान तो."

"राहू दे," तो म्हणाला. "चांगला आहे तो."